चिनी बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी उतारे शिकवायचेत? इथून सुरुवात करा

तैवानमधलं शिंचू, सिंगापूर, क्वालालंपूर, कॅलिफोर्निया. नोकरीनिमित्त मराठी माणूस जिथे जाऊन राहतो, तिथे शेजारी चिनी बोलणारं कुटुंब असण्याची शक्यता बरीच असते. भारतातल्या लोकांचं इंग्रजी चांगलं असतं, असाही एक समज असतो. मग कधीतरी लिफ्टमध्ये विचारणा होते: आमच्या मुलीला आठवड्यातून एकदा इंग्रजी शिकवाल का? मुलगी बहुधा दहावी ते बारावीतली असते. बोलण्याचं तिला फारसं पडलेलं नसतं, तिला छळत असतात ते पेपरातले उतारे.

असं शिकवायला पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. चिनी येत नसलं तरी चालेल, बीएड नसलं तरी चालेल. फक्त एक गोष्ट डोक्यातून आधी काढून टाका. 'उतारा समजत नाही म्हणजे शब्द कमी पडतात' हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. या मुलांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खोटं ठरतं. शब्द त्यांनी ढिगानं पाठ केलेले असतात. घोडं अडतं ते वाक्यात, आणि त्याच्या पुढे पर्यायांत.

सुरुवातीलाच थोडं कायद्याचं. चीनमधल्या शाळकरी मुलांना भारतात बसून ऑनलाइन शिकवायचा विचार असेल तर तो सोडा. २०२१ च्या जुलैत तिथे मुलांवरचा अभ्यासाचा आणि शिकवण्यांचा भार कमी करणारं धोरण आलं. परदेशात राहणाऱ्या परकीयांना शिकवणीसंस्थांनी नेमू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तैवान, सिंगापूरसारख्या ठिकाणी राहत असाल आणि पैसे घेणार असाल, तर तुमच्या व्हिसावर असं काम चालतं का ते आधी तपासा. तू मला चिनी शिकव, मी तुला इंग्रजी शिकवतो, अशी देवाणघेवाण मात्र सर्रास चालते, आणि नवख्यासाठी तीच उत्तम.

पहिली पायरी: पेपर कोणता ते विचारा

'चिनी मुलांची परीक्षा' अशी एकच परीक्षा नाही. चीनची गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, दरवर्षी ७ जूनला सुरू होते. २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी तिच्यासाठी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा आणि दोन तासांचा. बीजिंग, शांघाय, थ्यानजिन आपापला पेपर काढतात, बाकी प्रांतांत राष्ट्रीय पेपर चालतो. त्यात वाचनाला ५० गुण: चार उताऱ्यांवर १५ प्रश्न आणि 'सातातून पाच' या प्रकाराचे, म्हणजे सात वाक्यांतली पाच रिकाम्या जागी बसवायचे, ५. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा. त्याच पेपरात उताऱ्यातली गाळलेली जागा पर्यायांतून भरली तर एकच गुण मिळतो. म्हणजे वाचनातला एक प्रश्न चुकला की अडीच गाळलेल्या जागा गेल्या. हा हिशेब तुमच्याआधी मुलीच्या आईनं केलेला असतो.

चार उताऱ्यांना ए, बी, सी, डी अशी नावं असतात आणि त्यांचा स्वभाव ठरलेला असतो. ए म्हणजे बहुधा जाहिरात, सहलीचं वेळापत्रक, संग्रहालयाची माहिती. बी मध्ये एखाद्या माणसाची हकिगत. सी आणि डी मध्ये विज्ञान, समाज, कुणीतरी केलेलं संशोधन. मुलं पडतात ती या शेवटच्या दोनांत.

तैवानची जीसॅट, तीही विद्यापीठ प्रवेशाचीच, जानेवारीत असते. इंग्रजीला १०० मिनिटं, १०० गुण. उताऱ्यांवरचे थेट प्रश्न २४ गुणांचे, पण गाळलेली वाक्यं बसवणं आणि मिश्र प्रश्न धरले तर वाचनाचा पसारा बराच मोठा होतो. वर चिनीतून इंग्रजीत भाषांतर आणि निबंध आहेतच. हाँगकाँगच्या डीएसई या शाळा संपतानाच्या परीक्षेत वाचनाच्या पेपराचा एक भाग सक्तीचा, आणि पुढे सोपा किंवा अवघड यांतला एक निवडायचा. सोपा घेतला तर चौथ्या श्रेणीच्या वर जाता येत नाही.

एवढं कळलं की मुलीकडून शाळेतल्या चाचण्यांचे गेल्या दोन-तीन महिन्यांतले पेपर मागून घ्या. चाचण्यांचा तिथे दुष्काळ नाही, आणि पेपर जपून ठेवलेले असतात. बाजारातलं कोणतंही पुस्तक घेण्याआधी हे पेपर बघा. कोणत्या उताऱ्यात किती चुकलं, एवढीच नोंद करा.

दुसरी पायरी: पहिला तास फक्त बघण्याचा

मुलीला बी प्रकारचा एक उतारा शांतपणे वाचायला द्या. मोठ्यानं वाचून घेऊ नका. मोठ्यानं वाचताना सगळं लक्ष उच्चारांकडे जातं आणि अर्थ वाऱ्यावर. वाचून झालं की कागद पालथा घाला आणि विचारा: कोण होतं, त्यानं काय केलं, का केलं? उत्तर तोडक्यामोडक्या इंग्रजीत आलं तरी चालेल.

'समजलं का?' हा प्रश्न मात्र विचारूच नका. उत्तर 'हो' येणार. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात वाढलेलं मूल शिक्षकासमोर 'नाही समजलं' म्हणत नाही. तसं म्हणणं त्याला स्वतःसाठी आणि तुमच्यासाठीही ओशाळवाणं वाटतं. तुम्ही शेजारचे काका किंवा काकू असलात तरी शिकवायला बसलात की 'लाओशी', म्हणजे गुरुजी, होता. म्हणून समजलं का ते विचारण्याऐवजी कागद सुलटा करून दाखवायला सांगा: 'हे त्यानं केलं असं कुठे लिहिलंय, बोट ठेव.' बोट खोटं बोलत नाही.

मग प्रश्न सोडवून घ्या, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तुमच्या वहीत तीनांपैकी एक खूण करा. शब्दच माहीत नव्हता. शब्द माहीत होते, पण वाक्य लागलं नाही. वाक्य लागलं, पण पर्यायानं फसवलं. माझ्या पाहण्यात मधली खूण सगळ्यात जास्त वेळा येते आणि नवा शिक्षक सगळ्यात कमी वेळा तिच्याकडे बघतो. त्याला शब्दांच्या याद्या करायला आवडतात.

तिसरी पायरी: वाक्य

इथे थांबून काम करा. पहिले पाच-सहा आठवडे याच पायरीवर गेले तरी हरकत नाही.

चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही. गेलो, जातो, जाईन, सगळ्यांना क्रियापद तेच. काळ कळतो तो 'काल', 'उद्या' अशा शब्दांवरून, एखाद्या छोट्या अव्ययावरून आणि संदर्भावरून. दुसरं म्हणजे नामाबद्दल जे काही सांगायचं ते नामाच्या आधी येतं, मग ते एक शब्द असो की अख्खं वाक्य. मराठी माणसाला इथे आयता फायदा आहे, कारण आपणही तसंच बोलतो. 'गावकऱ्यांनी गेल्या वर्षी वापरलेली पद्धत' हा आपला क्रम, चिनीचाही तोच. इंग्रजीत मात्र पद्धत आधी येते आणि तिचं शेपूट मागून:

'द मेथड यूज्ड बाय द व्हिलेजर्स लास्ट इयर प्रूव्ड मोअर कॉस्टली दॅन एनीवन हॅड एक्स्पेक्टेड.'

मूल कुठे घसरतं ते जवळून बघा. 'द मेथड यूज्ड' इथवर आलं की त्याला वाटतं, कर्ता मिळाला, क्रियापद मिळालं, पद्धतीनं काहीतरी वापरलं. पुढे 'प्रूव्ड' येतं. खरं तर इथे खटकायला हवं, की एका वाक्यात दोन क्रियापदं कशी? पण चिनीत एकामागून एक क्रियापदं जोडशब्दाशिवायही येतात, त्यामुळे त्याला काही खटकत नाही. ते तसंच पुढे जातं आणि हातात उरलेल्या शब्दांचं, पद्धत, गावकरी, खर्च, अपेक्षा, यांचं आपल्या मनानं एक वाक्य जुळवतं: गावकऱ्यांना वाटलं होतंच की खर्च जास्त येणार. अगदी उलटा अर्थ. आणि यातला प्रत्येक शब्द त्याला येत असतो!

यावर उपाय पेन्सिलीचा. मुलीला सांगा, आधी काळ दाखवणारी सगळी क्रियापदं शोध आणि त्यांना चौकट कर. 'हू', 'विच', 'दॅट' यांच्या मागोमाग आलेलं क्रियापद सहसा शेपटातलं. 'ईडी'वाल्या शब्दाला स्वतःचा कर्ता दिसत नसेल आणि पुढे 'बाय', 'इन', 'फॉर' असं काही असेल, तर तोही शेपटातला असल्याचा संशय घे. शेपटाला कंस कर. आता कंसाबाहेरचंच वाक्य वाच: 'द मेथड प्रूव्ड मोअर कॉस्टली.' हे लागलं की कंस परत आत घे. चिनीत हेच कसं म्हणशील ते तिला मनातल्या मनात म्हणू द्या. शेपूट आपोआप नामाच्या आधी जाऊन बसेल आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसेल. दिवसाला पाच वाक्यं पुरेत, तीही तिच्याच चुकलेल्या पेपरांतली. जास्त दिलीत तर ती कंस करेल, पण वाचणार नाही.

काळाचा घोळ याहून चकवणारा. हे एक वाक्य द्या: 'शी वुड हॅव मिस्ड द ट्रेन इफ द क्लॉक हॅड बीन राइट.' मग दोनच प्रश्न विचारा. गाडी मिळाली का? घड्याळ बरोबर होतं का? बरीच मुलं म्हणतील, गाडी चुकली, घड्याळ बरोबर. मराठीत 'घड्याळ बरोबर असतं तर गाडी चुकली असती' म्हटलं की 'असतं' आणि 'असती' सगळं सांगून जातात. चिनी क्रियापद अशी काही खूण अंगावर बाळगत नाही, त्यामुळे इंग्रजी क्रियापदाची खूण तिच्या डोळ्यांना दिसतच नाही. 'यूज्ड टू' आलं की 'आता तसं नाही', 'नीडंट हॅव' आलं की 'उगाच केलं', 'हॅड' आलं की 'त्याच्याही आधी'. असे सात-आठ साचे करून घ्या. उताऱ्यातून निष्कर्ष काढायला सांगणारे बरेच प्रश्न असल्याच खुणांवर बेतलेले असतात.

'ऑल्दो'चंही असंच. आपल्याकडे जरी-तरी अशी जोडी असते, चिनीतही तशीच जोडी आहे. इंग्रजीत 'ऑल्दो' एकटा येतो, पुढे नुसता स्वल्पविराम. जोडीतल्या दुसऱ्याची वाट बघत बसलेल्या मुलीला वळण कळतच नाही, आणि लेखकाचं खरं म्हणणं तर त्या स्वल्पविरामानंतर असतं. तिथे तिला मोठा 'तरी' लिहायला लावा, म्हणजे तिच्या भाषेतला.

सर्वनामं शेवटी. तो, ती आणि ते या तिन्हींचा उच्चार चिनीत एकच, 'था'. लिहिताना फरक असतो, पण कानाला सवय नाही. त्यामुळे 'ही' आणि 'शी' यांची सरमिसळ बोलण्यात तर होतेच, वाचतानाही कोण कोणाला म्हणालं ते सुटतं. प्रत्येक 'इट', 'दे', 'धिस'पासून ते ज्याच्याबद्दल आहे तिथपर्यंत बाण काढून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण दोन आठवड्यांत फरक दिसतो.

चौथी पायरी: शब्द, पण वेगळ्या तऱ्हेनं

चीनच्या अभ्यासक्रमात उच्च माध्यमिकच्या मुलांकडून साधारण ३००० शब्दांची अपेक्षा असते, तैवानच्या यादीत सहा पातळ्यांत मिळून साधारण ६०००. मुलं ते फोनवरच्या ॲपवर पाठ करतात. एक शब्द, एक चिनी अर्थ, पुढचा शब्द. गोम इथेच आहे. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता, हे पक्कं. मग उताऱ्यात 'टू ॲड्रेस द प्रॉब्लेम' आलं की मूल समस्येचा पत्ता शोधत बसतं. 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी, पण 'अ नॉव्हेल ॲप्रोच' म्हणजे? 'चॅम्पियन' म्हणजे विजेता, पण 'शी चॅम्पियन्ड द कॉज' म्हणजे? पेपर काढणाऱ्यांना असे ओळखीचे शब्द अनोळखी अर्थानं वापरायला फार आवडतं, आणि मुलांनाही ते ठाऊक असतं. तरी फसतातच.

म्हणून सुटा शब्द वहीत लिहू देऊ नका. ज्या वाक्यात सापडला, त्यातला तीन-चार शब्दांचा तुकडा लिहायचा. अर्थ चिनीत लिहिला तरी चालेल, पण तुकड्याचा. जुन्या शब्दाचा नवा अर्थ सापडला तर त्याला वेगळी शाई.

अनोळखी शब्द आला की अंदाज कसा करायचा, हे शिकवताना त्यांच्या लिपीची मदत घ्या. चिनी अक्षरांत बऱ्याचदा अर्थाचा इशारा देणारा एक भाग असतो. पाण्याशी संबंधित कितीतरी अक्षरांच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब दिसतात. अक्षर नवीन असलं तरी 'हे काहीतरी पाण्याचं' इतपत मूल ताडतं. 'मिस', 'अन', 'लेस', 'ओव्हर' हे इंग्रजीतले तसलेच भाग, एवढं सांगितलं की पुरतं. लॅटिन, ग्रीक मुळांत शिरू नका.

वाचताना शब्दकोश बंद. वाचून झाल्यावर फार तर तीन शब्द बघायची मुभा, आणि ते तीन कोणते हे तिनं ठरवायचं. ज्या शब्दाशिवाय उतारा अडत नाही त्याच्यावर ती मुभा खर्च करते का, ते बघा. त्यातून तुम्हाला बरंच कळेल.

पाचवी पायरी: पर्याय

मुलीनं वाक्य लावायला सुरुवात केली की मगच इकडे या. प्रश्न आधी वाचायचे की उतारा, यावर शिकवणीवाल्यांत पंथ पडलेत. माझं मत असं: ए उताऱ्यात प्रश्न आधी, कारण तिथे माहिती हुडकायची असते. सी आणि डी मध्ये पहिला परिच्छेद वाचायचा, मग फक्त प्रश्न वाचायचे, मग उरलेला उतारा. पर्याय शेवटी. पर्याय आधी वाचले तर चारांतली तीन खोटी विधानं डोक्यात घेऊन मूल उताऱ्यात शिरतं.

पर्यायांची मोडतोड कशी करायची त्याचा हा नमुना. उतारा मी रचलेला आहे, सोयीसाठी मराठीत देतो. 'किनाऱ्यावरच्या एका गावानं गेल्या वर्षी रस्त्यावरचे पांढरे दिवे काढून तांबूस दिवे लावले. वीजबिल फारसं उतरलं नाही आणि काही दुकानदार नाराजही झाले. पण वाळूतून बाहेर पडलेली कासवाची पिल्लं आता रस्त्याकडे न वळता पाण्याकडे जाऊ लागली. पर्यावरण अधिकाऱ्याच्या मते ही चिन्हं चांगली आहेत, मात्र एका हंगामावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल.'

प्रश्न: नव्या दिव्यांबद्दल अधिकाऱ्याची भूमिका काय? पर्याय: साशंक, सावध आशावादी, पूर्ण समाधानी, उदासीन.

'साशंक' निवडणारी मुलं पुष्कळ निघतील, कारण शेवटच्या वाक्यातला 'मात्र' त्यांनी पकडला. वळण ओळखायला आपणच शिकवलं, त्याचा हा उलटा परिणाम. त्यांना विचारा, 'मात्र'च्या आधी तो काय म्हणाला? चिन्हं चांगली आहेत. ते त्यानं मागे घेतलं का? नाही, फक्त आवरतं घेतलं. म्हणजे सावध आशावादी. 'उत्तर एका शब्दात असेल, पण पुरावा अख्ख्या वाक्यात असतो' हे या एका प्रश्नावरून दाखवता येतं.

दुसरा प्रश्न: दिवे बदलल्यानं काय झालं? पहिला पर्याय, विजेचा खर्च बराच वाचला. दुसरा, दुकानदारांनी जुने दिवे परत मागितले. तिसरा, लहान प्राण्यांना योग्य दिशा सापडू लागली. चौथा, किनाऱ्यावर कासवांची संख्या वाढली. पहिल्यात उताऱ्यातली वीज आहे, पण विधान उलटं. दुसऱ्यात दुकानदार आहेत, पण नाराजी ताणून मागणीवर नेली. चौथा सगळ्यात गोड: ऐकायला खरा वाटतो, कदाचित पुढे खराही ठरेल, पण उताऱ्यात तसं म्हटलेलं नाही. बरोबर उत्तर तिसरं, आणि त्यात 'कासव' हा शब्दच नाही. हे मुलांच्या लक्षात आणून द्या. बरोबर पर्याय बऱ्याचदा उताऱ्याचे शब्द टाळतो आणि चुकीचा पर्याय ते अंगावर मिरवतो. शब्द जुळवत बसणारं मूल इथेच मार खातं.

आधीपासून माहीत असलेली गोष्ट हा आणखी एक सापळा, आणि तो शिकवायला आपल्याकडे एक छान विषय आहे: डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे. काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले, तिथेच लग्न केलं, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. चीनच्या मुलांपैकी काहींना 'ख दीहुआ' हे त्यांचं चिनी नाव माहीत असतं. त्यांच्यावर दीडशे शब्दांचा इंग्रजी उतारा स्वतः लिहा, आणि त्यात मृत्यूचा उल्लेख मुद्दाम टाळा. मग विचारा, 'उताऱ्यानुसार पुढीलपैकी काय खरं?' आणि एक पर्याय त्यांच्या मृत्यूचा ठेवा. ज्याला गोष्ट माहीत आहे तो तोच पर्याय निवडायची दाट शक्यता. पर्याय खरा आहे, पण उत्तर चूक आहे. हा धडा तोंडी सांगून पोचत नाही, असा हातानं द्यावा लागतो. शिवाय तुम्ही कुठून आलात हेही त्या घराला कळतं. तैवानच्या मुलांना हे नाव बहुधा परकं असेल, तिथे विषय बदला.

सहावी पायरी: सातातून पाच

उताऱ्यात पाच जागा रिकाम्या, खाली सात वाक्यं, दोन फालतू. तैवानच्या पेपरात याचं छोटं भावंड आहे, ८ गुणांचं.

मुलं पहिल्या रिकाम्या जागेपाशी थांबतात आणि सातही वाक्यं वाचतात. दुसऱ्या जागेपाशी पुन्हा सात. वेळ इथेच जातो. त्याऐवजी सातही वाक्यं एकदाच वाचून प्रत्येकात एक कडी अधोरेखित करायची: 'दे', 'धिस हॅबिट', 'इन्स्टेड', 'अनदर वे' असलं काहीतरी, जे मागच्या कुठल्यातरी वाक्याशिवाय उभं राहू शकत नाही. मग जागेच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य बघायचं. जागा परिच्छेदाच्या सुरुवातीला असेल तर तिथे विषय सांगणारं वाक्य लागतं, शेवटी असेल तर आवरणारं किंवा पुढच्या परिच्छेदाकडे नेणारं. बाण काढायची सवय तिसऱ्या पायरीत लागली असेल तर हा प्रश्न पोरखेळ वाटतो. म्हणून तो उशिरा घ्यायचा.

सरावाचं वेळापत्रक आणि चुकांची वही

चीनमधल्या कित्येक शाळांत संध्याकाळचा स्वाध्याय रात्री नऊ-दहापर्यंत शाळेतच चालतो. तैवानमध्ये शाळेनंतर शिकवणीवर्ग. या मुलांना 'रोज तासभर इंग्रजी पुस्तक वाच' असं सांगणं म्हणजे थट्टा आहे. रोज वीस मिनिटं मागा. आठ मिनिटं एक उतारा घड्याळ लावून, बाकी बारा मिनिटं पुरावा शोधायला. परीक्षेत चार उताऱ्यांना साधारण पस्तीस मिनिटं आणि सातातून पाचला सात-आठ मिनिटं, हे गणित डोक्यात असू द्या. पण पहिले दोन महिने आठाची दहा मिनिटं झाली तरी टोकू नका. सुट्टीत वेळ मिळाला तर सोप्या इंग्रजीतल्या विकिपीडियावरचे, तिला आवडणाऱ्या विषयाचे लेख द्या. बास्केटबॉल असेल तर बास्केटबॉल.

चुकांची वही हा तिथल्या शाळांचा जुना रिवाज आहे. चुकलेला प्रश्न कापून चिकटवायचा आणि लाल शाईनं बरोबर उत्तर लिहायचं. वही सुंदर दिसते, उपयोग यथातथाच. ती वही तशीच राहू द्या, फक्त प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी वाढवा. बरोबर उत्तराचा पुरावा कोणत्या वाक्यात आहे? आणि मी निवडलेल्या पर्यायानं मला कशानं भुलवलं? दुसरी ओळ लिहायला मुलं कुरकुरतात. 'नीट वाचलं नाही' असं लिहून मोकळी होतात. ते खोडायला लावा. 'वीज हा शब्द दिसला म्हणून' किंवा 'यूज्डला मुख्य क्रियापद समजले', असं नेमकं हवं. महिन्याभरानं वही चाळा, तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतील. पुढचा महिना त्यांच्यावर.

आईवडिलांना आधीच कल्पना द्या, की पहिल्या चाचणीत गुण कदाचित थोडे उतरतील. कंस आणि बाण करत वाचणारं मूल सुरुवातीला हळू होतं, आणि डी उतारा अर्धा राहतो. हे आधी सांगितलं नाही तर निकालाच्या दिवशी सांगावं लागतं आणि ते सबबीसारखं ऐकू येतं. दुसऱ्या महिन्यात ए आणि बी साठी पेन्सिल काढून घ्या, फक्त सी आणि डी मधल्या अवघड वाक्यांपुरती ठेवा.

आणि परीक्षेला दोन-तीनच महिने उरले असताना कुणी तुमच्याकडे आलं, तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. आता वाक्यरचना मुळापासून शिकवायला घेतलीत तर असलेला वेगही जाईल. ए आणि बी मधला एकही प्रश्न चुकणार नाही इतका सराव करून घ्या, सातातून पाचमधल्या कड्या पकडायला शिकवा, आणि सी-डी मध्ये फक्त पुरावा शोधायची शिस्त लावा. त्यातून चार-पाच प्रश्न जास्त बरोबर आले तरी दहा-बारा गुण होतात.